नांदेड-लातूरची काँग्रेस आणि पक्षश्रेष्ठी

पक्षाच्या जिल्हा संघटनेचा इतिहास स्मरणिकेसाठी लिहायचा म्हटले की अध्यक्षांची यादी, अधिवेशनांच्या तारखा आणि दिवंगत नेत्यांविषयी चार चांगले शब्द एवढ्यावर बहुधा भागते. नांदेड आणि लातूरच्या काँग्रेसचा इतिहासही तसा लिहिता येईल, पण मग त्यातला सर्वांत विलक्षण भाग निसटेल. मराठवाड्याने महाराष्ट्राला आजवर चार मुख्यमंत्री दिले: शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख आणि अशोक चव्हाण. चौघेही या दोनच जिल्ह्यांच्या राजकारणातून आले. शंकरराव आणि शिवराज पाटील चाकूरकर हे देशाचे दोन गृहमंत्रीही इथलेच. आता आकडे पाहा. विधानसभेच्या २८८ जागांपैकी मराठवाड्याच्या ४६. त्यांत नांदेडच्या नऊ, लातूरच्या सहा. एवढ्या बळावर मुंबईत मुख्यमंत्री होत नसतो. आमदारांच्या डोकेमोजणीवर निर्णय झाला असता तर या चौघांपैकी क्वचितच कोणी त्या खुर्चीपर्यंत पोहोचला असता. त्यांना तिथे नेले ते दिल्लीने. महाराष्ट्राच्या काँग्रेसमध्ये दिल्लीविषयीची तक्रार जुनी आहे: श्रेष्ठी मुख्यमंत्री लादतात, तिकिटे कापतात, प्रदेशाध्यक्ष वरून पाठवतात. सातारा-सांगलीहून ही तक्रार जेवढी सरळ दिसते तेवढी नांदेड-लातूरहून दिसत नाही. माझे म्हणणे असे की या भागाची काँग्रेस दिल्लीशी मतभेद करायला मुळात कधी कचरत नव्हती. तिचा जन्मच मतभेदात झाला. पहिली वीस वर्षे हे मतभेद संघटनेच्या बैठकीत, अधिवेशनात, मतदानाने चालले. पुढे पदे थेट दिल्लीहून मिळू लागली तशी त्यांची संघटनेतली जागा नाहीशी झाली, आणि नाराज नेत्यापुढे दोनच वाटा उरल्या: गप्प बसून पाळीची वाट पाहणे किंवा पक्ष सोडणे.

इथली काँग्रेस मुंबई प्रांतात वाढली नाही, निजामाच्या राज्यात वाढली, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. १९३७ साली परतूरला महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, दुसरे १९३८ साली लातूरला. राजकीय पक्ष काढायला मुभा नव्हती म्हणून भाषावार परिषदांच्या आडोशाने काम चाले. राष्ट्रीय काँग्रेसचे त्या वेळचे धोरण हरिपुरा अधिवेशनात ठरले होते: संस्थानी प्रजेने आपला लढा आपल्या बळावर लढावा, काँग्रेसच्या नावाने तो चालवू नये. या धोरणात शहाणपण होते. ब्रिटिशांशी लढताना साडेपाचशे संस्थानिकांशी एकाच वेळी आघाडी उघडणे कोणत्याही सेनापतीला परवडले नसते. पण हैदराबादच्या कार्यकर्त्याला त्याचा अर्थ एवढाच होता की तुरुंग त्याचा आणि डावपेच दुसऱ्याचे. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्याआधीच सप्टेंबर १९३८ मध्ये निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. २४ ऑक्टोबरला सत्याग्रह सुरू झाला आणि दोन महिन्यांनी, २४ डिसेंबरला, तो स्थगित करावा लागला. आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचाही सत्याग्रह त्याच वेळी चालू होता. दोन्हींची सरमिसळ होऊन लढ्याला जातीय रंग चढेल ही गांधीजींची भीती निराधार नव्हती. तरी तुरुंगात बसलेल्यांना तो निर्णय बोचला. त्यांनी तो मानला, पण संघटना मोडली नाही. परिषद चालू राहिली, १९४१ साली नांदेड जिल्ह्यातल्या उमरीला तिचे तिसरे अधिवेशन झाले, आणि १९४६ साली बंदी उठली तेव्हा अध्यक्ष कोणी व्हायचे हे दिल्लीने ठरवले नाही. स्वामी रामानंद तीर्थ आणि बी. रामकृष्णराव यांच्यात निवडणूक झाली आणि स्वामीजी अगदी थोड्या मतांनी निवडून आले.

पुढची दहा वर्षे तर मतभेदांचीच होती. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी भारत सरकारने निजामाशी जैसे थे करार केला. सरदार पटेलांना काश्मीर आणि फाळणीच्या धामधुमीत वेळ हवा होता. करार त्यासाठीच होता आणि त्या अर्थाने तो यशस्वीही झाला. मात्र हा वेळ ज्यांच्या जिवावर मिळवला ती माणसे नांदेड, उस्मानाबाद, बीडच्या गावांतली होती. निजामाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी हा मुळात लातूरचा वकील. त्याच्या संघटनेची दहशत इथल्या गावांना रोज भोगावी लागे. सरहद्दीवरच्या छावण्यांतून स्टेट काँग्रेसच्या तरुणांनी शस्त्रे हाती घेतली, जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटून लढ्यासाठी पैसा उभा केला. गांधीजींच्या काँग्रेसच्या शिस्तीत हे बसणारे नव्हते, आणि स्वामीजींसारख्या संन्याशाच्या नेतृत्वाखाली ते घडले हे आजही थोडे नवल वाटते. सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईनंतर लढाई बदलली. १९५२ च्या निवडणुकीनंतर मुख्यमंत्रिपद रामकृष्णरावांकडे गेले, स्वामीजी लोकसभेत गेले. हैदराबादचे राज्य आपल्या मिश्र संस्कृतीसह एकसंध राहावे असे पंडित नेहरूंना वाटत होते. स्वामीजी आणि त्यांचे मराठवाड्यातले सहकारी भाषावार त्रिभाजनावर ठाम राहिले. मराठी प्रदेशांच्या एकत्रीकरणाच्या सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर मराठवाड्याच्या पुढाऱ्यांनी सह्या केल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य संपले आणि मराठवाडा आधी द्वैभाषिक मुंबई राज्यात, मग १९६० साली महाराष्ट्रात आला. राष्ट्रीय नेतृत्वाच्या पहिल्या पसंतीविरुद्ध प्रांतातल्या संघटनेने घेतलेली भूमिका शेवटी मान्य झाली, तीही पक्षात राहून. नांदेड-लातूरच्या काँग्रेसच्या इतिहासात असे पुन्हा घडले नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत तर उलटेच चित्र होते. १९५७ साली पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसचा धुव्वा उडवला. मराठवाडा आणि विदर्भात पक्ष तगला, आणि गुजरातच्या आमदारांसह त्याच बळावर यशवंतराव चव्हाणांचे सरकार उभे राहिले. म्हणजे दिल्लीला महाराष्ट्रात आधार हवा होता तेव्हा तो इथल्या मतदाराने दिला. सत्ता स्थिरावल्यावर मात्र ती साखर कारखाने, जिल्हा बँका आणि शिक्षणसंस्थांच्या जाळ्यातून फिरू लागली, आणि ते जाळे कृष्णा, भीमा आणि प्रवरेच्या पाण्यावर पोसलेले होते. निजामी राजवटीतून आलेल्या, पाण्याविना असलेल्या या भागाकडे तशी पुंजी नव्हती. शंकरराव चव्हाण नांदेडच्या नगराध्यक्षपदावरून वर आले. पाटबंधारे खाते सांभाळताना त्यांनी जायकवाडीचा आग्रह धरला. १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन. त्या वेळी शंकरराव मुख्यमंत्री होते. फेब्रुवारी १९७५ मध्ये अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री असलेल्या वसंतराव नाईकांना बाजूला सारून इंदिराजींनी त्यांना आणले, त्यामागचे गणित उघड होते. ज्याच्यामागे कारखानदारांचा गट नाही, जो यशवंतरावांच्या वर्तुळातला नाही, असा माणूस श्रेष्ठींना हवा होता. शंकररावांची शिस्त आणि कडक कारभार ही त्यांची स्वतःची कमाई. पण त्या खुर्चीसाठी निवड होताना त्यांचे एकटेपण हीच त्यांची पात्रता ठरली.

ही पात्रता किती तकलादू असते ते दोन वर्षांत कळले. आणीबाणीनंतरच्या मार्च १९७७ च्या निवडणुकीत, राज्याचा मुख्यमंत्री नांदेडचा असताना, नांदेडची लोकसभेची जागा शेतकरी कामगार पक्षाच्या केशवराव धोंडग्यांनी जिंकली आणि लातूरची त्याच पक्षाच्या उद्धवराव पाटलांनी. देशभर इंदिराविरोधी लाट होती हे खरे. पण लाटेत टिकायला जी संघटना लागते ती इथे उरली नव्हती हेही तितकेच खरे. दिल्लीचा टेकू जाताच मे महिन्यात वसंतदादा पाटील मुख्यमंत्री झाले. शंकररावांनी वेगळी चूल मांडली: महाराष्ट्र समाजवादी काँग्रेस. १९७८ मध्ये ते शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) मंत्रिमंडळात बसले, मुख्यमंत्री राहिलेला माणूस आपल्याहून वीस वर्षांनी लहान मुख्यमंत्र्याच्या हाताखाली. आणि १९८० साली तेच शंकरराव इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर नांदेडहून लोकसभेत गेले, केंद्रात मंत्री झाले. संधिसाधूपणा म्हणून हे निकालात काढणे सोपे आहे. माझ्या मते ही त्या माणसाच्या स्वभावाची गोष्ट कमी आणि पक्षाच्या रचनेची जास्त आहे. ज्याला पद दिल्लीने दिले, त्याला दिल्लीने दूर लोटल्यावर दाद मागायला प्रदेशात व्यासपीठच नव्हते. १९७२ नंतर काँग्रेसमध्ये संघटनात्मक निवडणुका झाल्या नाहीत. पुढच्या झाल्या त्या १९९२ साली. वीस वर्षे जिल्हाध्यक्ष नेमले गेले. विधिमंडळ पक्षाची बैठक नेता निवडण्यासाठी भरायची आणि निवडीचे अधिकार श्रेष्ठींना देणारा एका ओळीचा ठराव करून उठायची.

या काळातला सर्वांत बोलका प्रसंग १९८५ चा आहे, आणि त्यात पश्चिम महाराष्ट्राची तक्रार व मराठवाड्याचा लाभ एकमेकांना चिकटूनच आले. दिल्लीने प्रभा राव यांना प्रदेशाध्यक्ष नेमले. वसंतदादांना ते रुचले नाही आणि त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. दादांचा आक्षेप तत्त्वतः रास्त होता. राज्याच्या प्रमुखाला न विचारता त्याच्या डोक्यावर पक्षाचा अध्यक्ष बसवायचा, ही कसली रीत? पण त्या रास्त आक्षेपाचे फळ निलंग्याला मिळाले. जूनमध्ये शिवाजीराव पाटील निलंगेकर मुख्यमंत्री झाले. कन्येच्या वैद्यकीय परीक्षेतील गुणवाढीच्या प्रकरणात न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर नऊ महिन्यांत त्यांना जावे लागले, आणि त्यांच्या जागी दिल्लीहून पुन्हा शंकरराव आले, लागोपाठ दुसरा मुख्यमंत्री याच दोन जिल्ह्यांतला. डिसेंबर १९८६ मध्ये औरंगाबादेत राजीव गांधींच्या उपस्थितीत शरद पवार काँग्रेसमध्ये परतले. दीड वर्षाने शंकररावांना केंद्रात अर्थमंत्री करून पवारांना मुख्यमंत्री करण्यात आले. १९८० ते १९८८ या आठ वर्षांत राज्याने अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा, निलंगेकर, शंकरराव आणि पवार असे सहा मुख्यमंत्री पाहिले. एवढ्या अस्थिरतेत मराठवाड्याला दोनदा संधी मिळाली, कारण सोंगट्या वारंवार हलवल्या जात होत्या. पट मात्र इथल्या कोणाच्याच हातात नव्हता.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो वजनदार आहे. दिल्लीच्या मेहेरबानीने का होईना, या भागाला जे मिळाले ते दुसऱ्या मार्गाने मिळाले असते का? जायकवाडी, विष्णुपुरी, १९८२ सालचा स्वतंत्र लातूर जिल्हा, १९९४ सालचे नांदेडचे विद्यापीठ, हे सगळे सत्तेच्या जवळ माणसे असल्याशिवाय होत नाही. हा मुद्दा मी मान्य करतो, पण अर्धाच. घटनेच्या ३७१ (२) कलमातील विकास मंडळांची तरतूद १९५६ पासून कागदावर होती. मराठवाडा वैधानिक विकास मंडळ आले १९९४ साली. मधल्या अडतीस वर्षांत इथले नेते मुख्यमंत्री झाले, केंद्रात मंत्री झाले. मंडळाचा प्रश्न मात्र लावून धरला तो गोविंदभाई श्रॉफ यांच्या मराठवाडा जनता विकास परिषदेने, म्हणजे पक्षाबाहेरच्या संघटनेने. गोविंदभाई स्टेट काँग्रेसच्याच मुशीतून घडलेले. संघटनेने करायचे भांडण पक्षाबाहेरच्या माणसांना करावे लागले. श्रेष्ठींकडून पद मिळवणाऱ्याला ते पद हाच प्रदेशाचा हिस्सा वाटू लागतो, आणि प्रदेशाच्या हिश्शासाठी श्रेष्ठींशी भांडणे त्याला अवघड जाते.

विलासराव देशमुखांचे उदाहरण या युक्तिवादाला सहज बसत नाही, म्हणून त्याकडे नीट पाहिले पाहिजे. बाभळगावच्या सरपंचपदापासून सुरुवात केलेल्या या नेत्याने मांजरा कारखाना उभा केला. पश्चिम महाराष्ट्राकडे जे होते ते लातूरला करून दाखवले. १९९५ साली लातूरच्या मतदारांनी त्यांना शिवाजीराव पाटील कव्हेकरांकडून पाडले. पुढच्या वर्षी त्यांनी विधान परिषदेसाठी बंडखोरी केली, हरले, आणि पक्षात परतले. १९९९ साली त्याच लातूरने त्यांना ९० हजारांहून अधिक मतांच्या आघाडीने निवडून दिले. यात लोकांचा कौल होता, दिल्लीची कृपा नव्हे. तरी जानेवारी २००३ मध्ये श्रेष्ठींनी त्यांना मुख्यमंत्रिपदावरून हटवून सुशीलकुमार शिंदे यांना आणले तेव्हा ही आघाडी काहीच कामाची ठरली नाही. विलासराव या वेळी गप्प बसले. २००४ ची निवडणूक शिंदेंच्या नेतृत्वाखाली जिंकली गेली. राष्ट्रवादीला ७१ आणि काँग्रेसला ६९ जागा मिळूनही मुख्यमंत्रिपद काँग्रेसकडे राहिले, आणि दिल्लीने ते शिंदेंना न देता विलासरावांना दिले. ज्या रीतीने त्यांचे पद गेले त्याच रीतीने ते परत आले. लातूरने पहिल्यावर संताप केला, दुसऱ्यावर गुलाल उधळला, आणि दोन्हींमागचा अन्याय एकच आहे हे कोणी बोलले नाही. त्याच वर्षी लातूरच्या मतदारांनी सात वेळा खासदार राहिलेल्या शिवराज पाटलांना पराभूत केले होते. दिल्लीने त्यांना राज्यसभेतून घेऊन देशाचे गृहमंत्री केले. श्रेष्ठींचा निर्णय इथे प्रदेश काँग्रेसच्या नव्हे, खुद्द लातूरच्या मताच्या वर ठरला. हे गृहमंत्रिपद लातूरचा गौरव म्हणून सांगितले जाते. मला ते तितकेसे पटत नाही. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यानंतर शिवराज पाटील आणि विलासराव दोघेही पायउतार झाले. नारायण राणे यांचा उघड त्रागा बाजूला सारून दिल्लीने नांदेडचे अशोक चव्हाण निवडले.

अशोक चव्हाणांच्या कारकिर्दीत हा इतिहास टोकाला जातो. २००९ ची विधानसभा निवडणूक त्यांच्या नेतृत्वाखाली लढवून काँग्रेसने ८२ जागा मिळवल्या. वर्षभरात आदर्श प्रकरणात त्यांना राजीनामा द्यावा लागला आणि पृथ्वीराज चव्हाण दिल्लीहून आले. २०१४ च्या मोदी लाटेत महाराष्ट्रात काँग्रेसला लोकसभेच्या दोनच जागा मिळाल्या, नांदेड आणि शेजारची हिंगोली. २०१७ साली नांदेड महापालिकेच्या ८१ पैकी ७३ जागा पक्षाने जिंकल्या. म्हणजे जनाधाराचा प्रश्न नव्हता, आणि २०१५ पासून ते प्रदेशाध्यक्षही होते. तरी मार्च २०१९ मध्ये चंद्रपूरच्या उमेदवारीवरून एका कार्यकर्त्याशी झालेल्या त्यांच्या संभाषणाची ध्वनिफीत बाहेर आली. आपले कोणी ऐकत नाही, आपणच राजीनाम्याच्या विचारात आहोत, असा तिचा आशय होता. प्रदेशाध्यक्षाला तिकीटवाटपावरचा आपला मतभेद फोनवर एका कार्यकर्त्यापाशी बोलून दाखवावा लागावा, यापेक्षा संघटनेच्या अवस्थेचे दुसरे काय वर्णन करायचे? पुढे उमेदवार बदलला, शिवसेनेतून आलेले बाळू धानोरकर उभे राहिले आणि जिंकले. त्या निवडणुकीत राज्यातली काँग्रेसची ती एकमेव जागा. खुद्द अशोक चव्हाण नांदेडला पडले. श्रेष्ठींची बाजू मांडणारा म्हणेल, निकालाने काय दाखवले? की प्रदेशातल्या नेत्यांना त्यांच्याच मतदारसंघाची नाडी कळत नव्हती. पण चंद्रपूरचा उमेदवार बदलला तो दिल्लीने स्वतःहून नव्हे, राज्यातून झालेल्या ओरड्यानंतर. प्रदेशाचे ऐकले तेव्हा जागा मिळाली, असेच त्यातून दिसते.

दुसरा आक्षेप शरद पवारांच्या वाटेचा आहे. दिल्लीशी पटले नाही तर स्वतंत्र पक्ष काढावा. १९७८ ला आणि १९९९ ला त्यांनी तसे केले, मग इथल्यांना कोणी अडवले होते? अडवले होते ते भूगोलाने. बारा-पंधरा कारखाने आणि दोन-तीन जिल्हा बँका मागे असतील तर बंड करून वर्षभर तग धरता येतो. १९७७ साली शंकररावांनी तो प्रयोग केला आणि तीन वर्षांत गुंडाळला. नांदेड-लातूरच्या नेत्याला बंड परवडत नव्हते. त्याला फक्त पक्षांतर परवडते, कारण पक्षांतरात एका दिल्लीच्या जागी दुसरी दिल्ली मिळते. १२ फेब्रुवारी २०२४ रोजी अशोक चव्हाणांनी काँग्रेस सोडली, दुसऱ्या दिवशी ते भाजपमध्ये गेले, राज्यसभेवर गेले. शिवराज पाटलांच्या सूनबाई अर्चना पाटील चाकूरकर यांनीही तोच मार्ग धरला. निलंगेकरांच्या घराण्यातली एक शाखा तर त्याआधीच भाजपमध्ये होती. २००४ साली नातू संभाजी यांनी आजोबांनाच निलंग्यात हरवले होते. या मुख्यमंत्र्यांच्या घराण्यांपैकी एकसंधपणे काँग्रेसमध्ये राहिले ते फक्त देशमुखांचे.

आणि तरीही काँग्रेस या भागातून पुसली गेली नाही. २०२४ च्या लोकसभेला, ज्याच्या नावावर जिल्हा ओळखला जाई तो नेता विरोधी गोटात असताना, नायगावचे वसंतराव चव्हाण नांदेडहून ५९ हजारांच्या आघाडीने जिंकले, लातूरला डॉ. शिवाजी काळगे निवडून आले. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाचा रोष आणि संविधानाविषयीची धास्ती यांचा त्यात मोठा वाटा होता. ते संघटनेचे यश म्हणून मिरवण्यात अर्थ नाही. ऑगस्टमध्ये वसंतराव गेले. २० नोव्हेंबरला विधानसभेसोबतच पोटनिवडणूक झाली. त्याच केंद्रांवर, त्याच मतदारांनी लोकसभेसाठी त्यांचे चिरंजीव रवींद्र चव्हाण यांना १,४५७ मतांनी निवडले आणि विधानसभेला त्या मतदारसंघातल्या सहाही जागा भाजपच्या महायुतीला दिल्या; नांदेड जिल्ह्यातल्या नऊही जागा महायुतीकडे गेल्या. लातूर शहरात अमित देशमुख सुमारे सात हजारांनी वाचले, लातूर ग्रामीणला धीरज देशमुख हरले. पोटनिवडणुकीच्या निकालाला सहानुभूती म्हणता येईल. पण सहानुभूतीने एक मत दिले असेल, तर दुसरे मत ज्या हाताने नाकारले तो हातही त्याच मतदाराचा होता, आणि विधानसभेचे पक्षाचे उमेदवार कुणी, कुठे बसून, कुणाला विचारून ठरवले याची चर्चा नांदेडच्या जिल्हा काँग्रेस समितीच्या बैठकीत व्हायला हवी.